जुन्या चित्रकार्डांसाठी प्रदर्शनांत अदलाबदलीचे एक टेबल हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शहरातील एका मंगल कार्यालयात जुनी नाणी, नोटा आणि टपालतिकिटे यांचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरले होते आणि आपल्या दैनिकाने त्याची बातमी छायाचित्रासह ठळकपणे छापली होती. बेळगाव, धारवाड, हुबळी, कोल्हापूर अशा गावांतून अशी छोटी प्रदर्शने अधूनमधून भरत असतात ही आनंदाची गोष्ट आहे, आणि ती भरवण्यासाठी पदरमोड करणाऱ्या मंडळींविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही या प्रदर्शनांत एका प्रकारच्या वस्तूंची सातत्याने आबाळ होते. त्या वस्तू म्हणजे जुनी चित्रकार्डे. सिगारेटच्या पाकिटातून आलेली, च्युइंगगमच्या वेष्टनातून आलेली, आणि त्यांचीच सख्खी भावंडे म्हणावीत अशी काडेपेटीवरची व विडीच्या बंडलावरची लेबले. त्यांच्याविषयी माझा अनुभव सांगून आयोजकांपुढे एक मागणी ठेवावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. आधी खानापूर तालुक्यात आणि नंतर शहरात नोकरी केली, आणि गेली बारा वर्षे या प्रदर्शनांना नेमाने जाते. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते की, सभागृहात वीस-पंचवीस टेबले मांडलेली असतात आणि दर्शनी टेबलांवर ७८६ क्रमांकाच्या किंवा आपल्या जन्मतारखेचे आकडे असलेल्या नोटा शोधणाऱ्यांची झुंबड असते. त्यामागे नाण्यांची टेबले, मग तिकिटांची. कार्डे कुठे असतील हे विचारावे लागते. ती बहुधा शेवटच्या कोपऱ्यात, चपलांच्या खोक्यात उभी कोंबलेली किंवा रबरबँडने आवळून ठेवलेली सापडतात, आणि रबरबँडने कडा खाल्लेल्या असतात. ‘दहाला एक, शंभराला बारा’ असा पुठ्ठा वर लावलेला असतो. त्या खोक्यात दोन-दोन तास उभ्याने हात घालून बसणारी आम्ही पाच-सहा माणसे आता एकमेकांना तोंडओळखीने ओळखतो. बायका त्यांत माझ्याखेरीज क्वचितच दिसतात. शंभर कार्डे चाळल्यावर एखादे असे हाती लागते की पुढचे दोन दिवस दुसरे काही सुचत नाही, आणि हा आनंद मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

या वस्तूंचा उगम अगदी व्यवहारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत आणि आतला माल चुरगळू नये म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापावे, चित्रांची मालिका करावी आणि ती पूर्ण करण्यासाठी गिऱ्हाइकाने पुन्हा तेच पाकीट घ्यावे, ही युक्ती आधी अमेरिकेत आणि मग इंग्लंडात निघाली. मालिका बहुधा पंचवीस किंवा पन्नास चित्रांची असे आणि विलायती कार्डाचे नेहमीचे माप साधारण ३६ बाय ६८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या काडेपेटीपेक्षा थोडे लांबट. विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली. पहिल्या महायुद्धात कागदटंचाईमुळे १९१७ च्या सुमारास इंग्लंडात ही कार्डे बंद पडली, मग पुन्हा सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाने १९४० मध्ये त्यांचा मोठा काळ संपवला. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या डब्यात निघालेले अस्सल विलायती सिगारेट-कार्ड हे सहसा आजच्या कोणत्याही आजोबांपेक्षा वयाने मोठे असते.

ती आपल्या गावात आली कशी, हे मला घरातूनच ठाऊक आहे. माझ्या आजोबांचे कॅम्पात शिवणकामाचे दुकान होते. गोऱ्या सोल्जरांचे कपडे सैल-घट्ट करून देणे हा त्यांचा रोजचा धंदा, आणि पाकिटातली नको असलेली चित्रे ते लोक दुकानातल्या पोरांना देऊन टाकत. आजोबांनी ती सुयांच्या पत्र्याच्या डब्यात जपली. मी लहानपणी तो डबा माळ्यावरून काढून पाहत असे. प्लेअर्स कंपनीच्या १९३८ च्या ‘क्रिकेटर्स’ मालिकेतील वीस-बावीस कार्डे त्यात होती आणि त्यांत ब्रॅडमनही होते, हे मला मोठेपणी कळले. त्या काळातील प्लेअर्सच्या कार्डांना पाठीमागे डिंक लावलेला असे, टपालतिकिटाला असतो तसा, म्हणजे पाठ ओली करून कंपनीच्याच एका पेनीच्या अल्बममध्ये ती चिकटवता यावीत. विलायतेत ती मोठी सोय असेल. आमच्या घरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल येते, उशीलासुद्धा वास येतो. एका पावसाळ्यात त्या डब्यातला सगळा गठ्ठा एकमेकांना चिकटून विटेसारखा झाला, आणि कुणीतरी तो सुरीने सोडवायला गेले तेव्हा एका खेळाडूचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून आला. त्यांतली धड म्हणता येतील अशी चार कार्डे माझ्याकडे उरली आहेत.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यातील प्रदर्शनात मला तसाच एक गठ्ठा दिसला. जाडी बोटभर, कडा तपकिरी, वरच्या कार्डावर पांढऱ्या स्वेटरातील एक गोलंदाज. विक्रेता बोलता बोलता अंगठ्याच्या नखाने वरचे कार्ड उचकटत होता आणि प्रत्येक वेळी कागदाचा पापुद्रा सुटल्याचा बारीक आवाज येत होता. मी त्याला थांबवले आणि विनंती केली की हा गठ्ठा आहे तसा मला द्या. त्याने दिला, पण तोवर दोन कार्डे गेली होती. घरी मी झाकणाच्या मोठ्या डब्यात ओला टीपकागद ठेवला, त्यावर जाळी, जाळीवर गठ्ठा, आणि झाकण लावून दमट हवेत डिंक आपोआप सैल होण्याची वाट पाहिली. रोज थोडे उघडून पाहायचे, जे सुटेल ते टीपकागदात दाबून ठेवायचे, जे सुटत नाही त्याला हात लावायचा नाही. नऊ दिवसांत अकरा कार्डे अखंड सुटली. ही काही मोठी विद्या नाही. त्या विक्रेत्याला ती कुणी सांगितली असती तर त्यानेही नख लावले नसते, पण आपल्या प्रदर्शनांत असे काही सांगण्या-ऐकण्याची जागाच ठेवलेली नाही.

आता एक तक्रार. तीन वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात मी रणजितसिंहजींचे एक कार्ड दीड हजार रुपयांना घेतले. १८९६ साली मँचेस्टरच्या आपल्या पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ धावा काढणाऱ्या या आपल्या माणसाची चित्रे विलायती सिगारेट कंपन्यांनी आवडीने छापली होती, त्यामुळे असे कार्ड मिळणे अशक्य नव्हते, आणि मी हरखून गेले होते. कार्ड जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात होते आणि ‘पाकीट उघडले तर घ्यावेच लागेल’ अशी अट होती. घरी येऊन दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ते धरले तेव्हा चित्रभर चार रंगांच्या ठिपक्यांच्या एकसारख्या, फुलांसारख्या रांगा दिसल्या. त्या काळच्या दगडी छपाईत ठिपके कारागिराच्या हाताचे, वेडेवाकडे, कुठे दाट तर कुठे विरळ असतात. मग भाच्याच्या दुकानातली, नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली. कार्ड निळसर पांढरे चमकले. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालण्यात येणारी जी द्रव्ये अशी चमकतात, त्यांचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतरच रूढ झाला, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला म्हणून दिलेला कागद तसा चमकला की पुढे बोलायला काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी मी आयोजकांकडे गेले. ‘ही विकणारा आणि घेणारा यांच्यातली बाब आहे,’ असे उत्तर मिळाले. विक्रेत्याने मला जाणूनबुजून फसवले असे मी म्हणत नाही, कारण विलायतेत जुन्या मालिकांची रीतसर पुनर्मुद्रणे निघालेली आहेत आणि ती हातोहात फिरत इथवर येताना कोणाच्या तरी हाती ‘अस्सल’ होतात. पण ज्या टॉर्चने हे उघडकीस आले तशी टॉर्च त्या सभागृहात नोटा विकणाऱ्या प्रत्येक टेबलावर पडलेली होती, आणि कार्डाच्या टेबलावर ती कुणी आणली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

माझे म्हणणे असे आहे की, ही फसगत आणि ही आबाळ या दोन्हींचे मूळ एकच आहे. कार्ड हे जन्मतःच अदलाबदलीसाठी केलेले असते. पन्नासांची मालिका पाकिटा-पाकिटांतून जमवायची म्हटले की एकच चित्र तीन-तीनदा येणार आणि दुसरे येणारच नाही, हे छापणाऱ्याला पक्के ठाऊक असते. ‘माझ्याकडं डबल हाय, तुझ्याकडचं दे की’ हे वाक्य त्या वस्तूच्या रचनेतच आहे. आणि अदलाबदल करणारा माणूस समोरचे कार्ड हातात घेतो, उलटतो, मागचा मजकूर वाचतो, कडा बघतो, वास घेतो, शेजारच्याला दाखवतो. तिथे नक्कल फार काळ टिकत नाही आणि जाणत्याचे ज्ञान नवख्याला फुकट मिळते. आपल्या प्रदर्शनांत मात्र प्रत्येक वस्तूला भाव आहे, वर पाकीट आहे आणि ‘हात लावू नये’ अशी सूचना आहे. नाण्याच्या बाबतीत ते एक वेळ ठीक असेल. कार्डाचे त्याने फार नुकसान होते.

भावांचे वेड कुठून आले तेही सांगायला हवे. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचे, टॉप्स कंपनीचे १९५२ चे एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. त्याच मालिकेतला न खपलेला माल कंपनीने १९६० साली समुद्रात नेऊन बुडवला होता, म्हणून ती कार्डे दुर्मीळ झाली. ही बातमी मोबाईलवर फिरल्यापासून आपल्याकडेही नव्वदच्या दशकातील कुस्तीच्या ट्रंप कार्डांचा संच घेऊन लोक येतात आणि पन्नास हजार सांगतात. ती कार्डे हजारोंनी छापली गेली होती. त्यांची किंमत आठवणीची आहे, आणि त्यांची अदलाबदल जितकी रंगेल तितकी विक्री कधीच रंगणार नाही.

आपल्या भागापुरते बोलायचे तर खरी संपत्ती विलायती कार्डांत नसून निपाणीच्या विडी-लेबलांत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. निपाणी ही तंबाखूची पेठ. तिथल्या आणि आसपासच्या विड्यांच्या बंडलांवर जी रंगीत लेबले लावली जात, त्यांवर घोडा, छत्री, विमान, टेलिफोन अशी चित्रे आणि बहुतेकदा फेटा किंवा टोपी घातलेल्या मालकाचा फोटो असे. विडीचे मी मुळीच समर्थन करत नाही. विड्या वळून छातीचे दुखणे जडलेल्या माझ्या विद्यार्थिनींच्या आया मी जवळून पाहिल्या आहेत. पण त्या आयांच्या हातांखालून गेलेला हा कागद आपल्या सीमाभागाचा इतिहास जितक्या नेमकेपणाने सांगतो, तितका दुसरा कुठला कागद सांगत असेल असे मला वाटत नाही.

उदाहरणार्थ, लेबलावरचा पत्ता पाहावा. ‘निपाणी, जि. बेळगाव’ याच्या पुढे मुंबई असेल तर मजकूर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, म्हैसूर असेल तर त्यानंतरचा, आणि कर्नाटक असेल तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरचा. ज्या नावावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आंदोलने झाली, घरांत वाद झाले, माणसे तुरुंगात गेली, तेच नाव या बोटभर कागदावर त्याचे वय सांगत उभे असते. किंमत आण्यांत असेल तर ती जुनी, ‘नये पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरची, आणि नुसते ‘पैसे’ असतील तर बहुधा १९६४ नंतरची, कारण त्या वर्षी ‘नये’ हा शब्द गळाला. सहा आकडी पिन कोड असेल तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे असूच शकत नाही. आणि २००९ पासून बंडलांवर धोक्याचे चित्र छापणे सक्तीचे झाल्यावर लेबलांचा जुना चेहराच बदलला. अर्थात ही गणिते डोळे मिटून लावू नयेत. छापखान्यात जुना ठोकळा पडून असला की तो झिजेपर्यंत वापरला जाई, म्हणून राज्य बदलल्यावरही काही काळ जुना पत्ता छापला गेलेला असू शकतो. म्हणूनच एकाच छापाची चार-पाच लेबले शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात, आणि चार-पाच लेबले एका माणसाकडे क्वचितच असतात.

दोन वर्षांपूर्वी मला हा अनुभव आला. बैलहोंगलकडचे एक वयस्कर गृहस्थ काडेपेटीची चित्रे शोधत माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे मराठी जेमतेम आणि माझे कन्नड शाळेतल्या बैठकांपुरते. माझ्या पिशवीतल्या वहीत निपाणीचे एक लेबल होते, हिरव्या कडेचे, मध्ये मोर. मराठी बाजूला फक्त गावाचे नाव होते म्हणून त्याचे वय मला लावता येत नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, लेबल डोळ्यांजवळ नेले आणि खालच्या कडेला, माझ्या लेखी नक्षीच असलेल्या बारीक कन्नड ओळीवर नख न टेकवता बोट फिरवत ‘मैसूर, मैसूर’ असे दोनदा म्हणाले. इतकी वर्षे ती ओळ माझ्यासमोर होती. मी त्यांना शिवकाशीच्या काडेपेटीची तीन जुनी चित्रे दिली आणि त्यांनी मला त्याच मोराचे दुसरे, आण्यांतल्या किमतीचे लेबल पाकिटातून काढून दिले. पैशांचा विषयच निघाला नाही. हे सगळे आम्ही उभ्या-उभ्या, एका विक्रेत्याच्या टेबलाचा कोपरा अडवून केले आणि तो बिचारा ‘गिऱ्हाइकाला जागा द्या’ म्हणाला तेव्हा आटोपते घेतले.

आयोजकांकडे माझी मागणी आहे ती अशी. प्रत्येक प्रदर्शनात एक टेबल केवळ अदलाबदलीसाठी राखून ठेवावे, त्या टेबलावर पैशांचा व्यवहार होऊ नये, बसायला सहा-आठ खुर्च्या असाव्यात, आणि एक चांगले भिंग व एक जांभळ्या उजेडाची टॉर्च तिथे दोरीने बांधून ठेवावी. विक्रीच्या टेबलांवरील कोणतीही वस्तू तिथे आणून तपासण्याची घेणाऱ्याला मुभा असावी, आणि जी पुनर्मुद्रणे आहेत त्यांवर विक्रेत्याने ‘नक्कल’ अशी चिठ्ठी लावणे ही टेबल देण्याची अटच असावी. नक्कल विकण्यात गैर काही नाही. वीस रुपयांत रणजितसिंहजींचे चित्र एखाद्या मुलाला मिळत असेल तर मीच ते विकत घेऊन देईन. या सगळ्याला खर्च म्हणाल तर एका टेबलाचे भाडे जाईल, आणि ते भरायला आम्ही पाच-सहा जण तयार आहोत. प्रदर्शन शक्यतो डिसेंबर-जानेवारीत असावे, कारण पावसाळी हवेत कार्ड पाकिटाबाहेर काढणे मलाही धाडसाचे वाटते. मंगल कार्यालय परवडत नसेल तर शहरातल्या आणि तालुक्यांतल्या वाचनालयांनी महिन्यातला एक रविवार सकाळी दोन तास एक खोली द्यावी, तेवढ्यानेही काम भागेल.

जाता जाता एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, आणि तिथला गंजिफा म्हणजे हाताने रंगवून लाखेचा हात दिलेली, पत्त्यांसारखी खेळायची गोल पाने. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी राजा, वजीर व एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२० असतात. शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला पुन्हा उभी केली म्हणून ती आज जिवंत आहे. एका प्रदर्शनात जुन्या गंजिफ्याची पाने सुटी, एकेक करून विकली जाताना मी पाहिली. मत्स्याचा राजा एकाकडे गेला, त्याचा वजीर दुसऱ्याकडे. छापील कार्ड पुन्हा जुळवता येते, कारण त्याची हजारो भावंडे जगात असतात. हाताने रंगवलेला संच एकदा फुटला की फुटला. शंभर वर्षांपूर्वीच्या अशा कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा लागू होऊ शकतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत, एवढी जाण तरी आयोजकांनी विक्रेत्यांना द्यावी. संच फोडून विकू देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

वाचकांनाही एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे निघतात आणि त्यातला कागद रद्दीत जातो. तो एकदा उजेडात पाहावा. सापडलेले कार्ड लॅमिनेट करू नये, त्याला सेलोटेप लावू नये, फेविकॉलने वहीत चिकटवू नये. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवले तरी ते आपल्यापेक्षा जास्त जगेल.

शेवटचे मला माझ्याविषयी लिहायचे आहे. गेल्या महिन्यातील प्रदर्शनात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खिशात पोकेमॉनची कार्डे घेऊन आला होता. त्याने खोक्यातल्या एका जुन्या क्रिकेट-कार्डाकडे बोट दाखवून आपली दोन कार्डे पुढे केली, आणि विक्रेत्याने ‘हात लावू नकोस’ म्हणून त्याला परत पाठवले. विक्रेत्याचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण मी स्वतः त्याहून वाईट वागले आहे. १९८७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रिलायन्स विश्वचषक चालू होता आणि मी खानापूर तालुक्यातील एका शाळेत चौथीच्या वर्गावर होते. मुलांना ‘बिग फन’ च्युइंगगमच्या वेष्टनात मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांनी झपाटले होते. त्यावर कुठे धावा तर कुठे बळी छापलेले असत आणि मधल्या सुट्टीत त्यांचा मोठा बाजार भरे. तास सुरू झाल्यावरही तो थांबत नाही म्हणून मी चित्रे जप्त करत गेले. सहामाहीनंतर परत देईन म्हणाले, मग वर्षअखेरीस देईन म्हणाले, आणि एप्रिलमध्ये माझी बदली झाली. मुलांनी पै पै जमवून घेतलेली ती चित्रे बिस्किटाच्या डब्यात माझ्याबरोबर आली आणि आजवर माझ्याकडेच आहेत.

एकूण १३४ चित्रे आहेत. आपली ओळखू यावीत म्हणून मुलांनी त्यांच्या पाठीवर निळ्या पेनाने आपापला हजेरी क्रमांक लिहून ठेवला होता, आणि ती शाई अजून वाचता येते. आता ते सगळे विद्यार्थी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचे असतील. अदलाबदलीचे टेबल जेव्हा आणि जिथे मांडले जाईल तिथे मी तो डबा घेऊन बसणार आहे. १९८७-८८ च्या त्या वर्गातील कुणी हे पत्र वाचत असेल तर त्याने जरूर यावे, आपला क्रमांक सांगावा आणि आपली चित्रे घेऊन जावीत. सतरा क्रमांकाची सर्वांत जास्त, एकोणीस, आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व संग्राहक,
शहापूर, बेळगाव